इतिहासाचा प्रश्न कसा घडतो

इतिहासाच्या अभ्यासात विषय ही एक गोष्ट असते आणि प्रश्न ही दुसरी, हा साधा भेद बहुतेक विद्यार्थ्यांना पदव्युत्तर वर्गात प्रबंध लिहायची वेळ येईपर्यंत कोणी समजावून सांगितलेला नसतो. ‘पुण्यातील प्लेग’, ‘कोकणातील जलदुर्ग’, ‘आमच्या गावाचा इतिहास’ हे विषय झाले. त्यांवरून अभ्यासाचे क्षेत्र कळते. पण त्या क्षेत्रात नेमके काय शोधायचे, ते सापडले हे कशावरून ओळखायचे आणि शोध कुठे थांबवायचा, यांपैकी काहीच कळत नाही. म्हणून केवळ विषय घेऊन निघालेला विद्यार्थी हाती लागेल ते उतरवून काढतो, सनावळी लावतो, चार चित्रे चिकटवतो आणि प्रकल्पवही भरली की अभ्यास पूर्ण झाला असे मानतो. हा त्याचा आळस नव्हे. काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे ठरवणारी कसोटी म्हणजे प्रश्न, आणि ती कसोटी त्याच्या हाती कधी दिलेलीच नसते.

शालेय परीक्षेची घडण याला बरीच कारणीभूत आहे. ‘कारणे द्या’, ‘टीपा लिहा’, ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ या ठरलेल्या प्रकारांत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते, ते पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या परिच्छेदात तयार असते आणि तो परिच्छेद आठवणे एवढेच विद्यार्थ्याचे काम उरते. दहा वर्षे अशा प्रश्नांची उत्तरे लिहिल्यावर प्रश्न विचारणे हा दुसऱ्या कोणाचा तरी अधिकार आहे, अशी समजूत पक्की होते. राज्य मंडळाच्या २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेवर आहे. इतिहासाच्या संशोधनाची सुरुवात योग्य प्रश्नांच्या मांडणीपासून होते, हे प्रश्न माणसांच्या कृतींविषयी असतात आणि त्यांच्या उत्तरांना विश्वसनीय पुराव्याचा आधार लागतो, असा आशय त्यात स्पष्टपणे मांडला आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु विद्यार्थ्याला प्रश्न मांडता येतो का, हे पाहिले जात नाही, विधान लक्षात आहे की नाही एवढेच तपासले जाते आणि पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा धडा पाठांतरात जमा होतो.

प्रश्न मांडण्याचे शिक्षण म्हणजे काय, हे एका प्रत्यक्ष विषयावर पाहणे सोयीचे ठरेल, आणि त्यासाठी १८९६-९७ चा प्लेग हा विषय विशेष उपयोगी आहे, कारण त्याची साधने विपुल आहेत आणि परस्परांशी भांडणारी आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. वर्ष संपण्याच्या सुमारास साथ पुण्यात पोहोचली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, त्याच महिन्यात पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर रोगी शोधू लागल्या. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत हलवणे, घरातील सामान जाळणे किंवा धुणे, भिंतींना चुना देणे, जमीन उकरणे अशी कामे सक्तीने झाली. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले, रँड ३ जुलैला. पुढे टिळकांवर ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

ही हकिगत महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तिच्यावर प्रश्न लिहायला सांगितले तर पहिल्या फेरीत साधारणपणे तीन तऱ्हांचे प्रश्न येतात. ‘रँडचा खून कधी झाला?’ हा पहिल्या तऱ्हेचा. त्याला माहितीचा प्रश्न म्हणता येईल, कारण एका नोंदीने तो मिटतो आणि मिटल्यावर पुढे काही उरत नाही. ‘चापेकरांनी केले ते योग्य होते का?’ हा दुसऱ्या तऱ्हेचा, निवाड्याचा प्रश्न; तो महत्त्वाचा असतो, पण त्याचे उत्तर शेवटी उत्तर देणाऱ्याच्या नीतिविचारावर ठरते, कागदपत्रांवर नव्हे. ‘रँडऐवजी दुसरा अधिकारी असता तर?’ हा तिसऱ्या तऱ्हेचा. जे घडलेच नाही त्याचा पुरावा मिळत नाही, म्हणून तो कल्पनेला चालना देतो आणि संशोधनाला तिथेच थांबवतो. शिक्षकाने यांपैकी एकही प्रश्न फेकून देऊ नये. माहितीच्या प्रश्नांशिवाय पाया घातला जात नाही आणि निवाड्याच्या प्रश्नातूनच बहुधा विद्यार्थ्याची खरी आस्था कळते. शिक्षकाचे कौशल्य त्या आस्थेला पुराव्याने सुटेल असे रूप देण्यात आहे. चापेकरांचे कृत्य योग्य होते का, असे तळमळीने विचारणाऱ्या मुलीला ‘प्लेग समितीच्या कोणत्या कारवाया लोकांना सर्वाधिक अपमानास्पद वाटल्या, आणि सर्व जातींच्या व थरांच्या लोकांना त्याच वाटल्या का?’ हा प्रश्न तिच्याच तळमळीतून काढून दाखवता येतो. आता तिला वर्तमानपत्रे, सरकारी अहवाल, तक्रारअर्ज आणि आठवणी यांच्याकडे जावे लागेल, आणि तिथे काय शोधायचे हेही तिला माहीत असेल.

काही प्रश्न दिसायला निरागस असतात, पण त्यांच्या पोटात उत्तर आधीच दडलेले असते. डेव्हिड हॅकेट फिशर या अमेरिकन इतिहासकाराने १९७० मध्ये इतिहासकारांच्या तर्कदोषांवर जे पुस्तक लिहिले, त्यात सदोष प्रश्नमांडणीला स्वतंत्र स्थान दिले आहे, ते याच कारणासाठी. ‘अंधश्रद्धेमुळे लोकांनी प्लेगची लस का नाकारली?’ हा असा प्रश्न. त्यात लोकांनी लस नाकारली हे एक आणि अंधश्रद्धेमुळे नाकारली हे दुसरे, अशी दोन गृहीतके आहेत. गृहीतक म्हणजे तपासण्याआधीच खरे मानलेली गोष्ट. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. ती टोचल्यावर ताप येई, अंग दुखे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लशीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली. एवढी माहिती समोर आली तरी कळते की, नकार देणाऱ्याकडे अंधश्रद्धेखेरीज इतरही कारणे असू शकत होती, आणि लस घेणारेही अनेक होते. गृहीतके काढून टाकल्यावर प्रश्न उरतो तो असा : लस कोणी घेतली, कोणी नाकारली, केव्हा, आणि नाकारणाऱ्यांनी स्वतः कोणती कारणे सांगितली?

दडलेल्या गृहीतकाचा आणखी एक प्रकार म्हणजे कालविपर्यास, म्हणजे नंतरच्या काळातले ज्ञान किंवा मूल्य आधीच्या माणसांच्या डोक्यात घालणे. ‘सरकारने घरे धुण्यात वेळ घालवला, उंदीर आणि पिसवांचा बंदोबस्त का केला नाही?’ असा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता हे खरे, परंतु उंदरावरील पिसू तो माणसापर्यंत पोहोचवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगातून मांडले, आणि १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनापर्यंत त्याला सर्वमान्यता मिळाली नव्हती. १८९७ चे अधिकारी घाण, ओल, कोंदट हवा आणि माणसांची गर्दी यांनाच शत्रू समजत होते. हे लक्षात आल्यावर विद्यार्थ्याचा प्रश्न अधिक चांगला होतो, कारण आता तो विचारतो : रोग कशाने पसरतो याविषयीच्या कोणत्या समजुतीमुळे घरे धुणे आणि माणसे हलवणे हेच उपाय त्या अधिकाऱ्यांना योग्य वाटले, आणि ती समजूत गरिबांच्या आणि श्रीमंतांच्या वस्त्यांवर सारख्याच जोराने वापरली गेली का? असा प्रश्न त्या माणसांना त्यांच्या काळात ठेवून विचारलेला असतो, आणि तरीही त्यांना जबाबदारीतून मोकळे करत नाही.

आता एक साधन अगदी जवळून पाहू. जनगणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वर्गात फळ्यावर केवळ हे दोन आकडे लिहिले तर विद्यार्थी वजाबाकी करतात आणि प्लेगने सुमारे ४६ हजार माणसे मेली असा निष्कर्ष काढतात. इथे शिक्षकाने काहीही न सांगता आणखी दोन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात : १९०१ ची शिरगणती १ मार्चच्या सुमारास झाली, आणि १९०६ मध्ये शहराची जी स्वतंत्र गणना झाली तिच्यात लोकसंख्या ९,७७,८२२ भरली. मग वर्गात आपोआप कुजबुज सुरू होते. पाच वर्षांत दोन लाख माणसे कुठून आली? मार्च हा तर साथीच्या भराचा काळ. त्या दिवशी शहरात नसलेले लोक मेलेले होते की गावी गेलेले होते? गिरण्यांतील कामगार कोकणात आणि देशावर परतले असतील, तर जनगणनेने मोजली ती मुंबईची लोकसंख्या की त्या दिवशी मुंबईत उरलेली माणसे? शिवाय दहा वर्षांत एरवी जी वाढ झाली असती, तिचा हिशेब वजाबाकीत कुठे आहे? यातून जो प्रश्न तयार होतो, की प्लेगच्या पहिल्या पाच वर्षांत मुंबई सोडून गेलेल्यांत कोण होते आणि ते केव्हा परतले, तो शहराच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरासाठी गिरण्यांची हजेरी, रेल्वेचे आकडे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील नोंदी अशी नवी दारे उघडतात. चार आकड्यांसमोर बसून तो घडला. आकडे नसते तर ‘प्लेगचे परिणाम सांगा’ याच्यापलीकडे वर्ग गेला नसता.

प्रश्नाच्या शिक्षणाविषयीची मुख्य गोष्ट इथेच आहे. चांगला प्रश्न आधी मनात तयार होतो आणि मग विद्यार्थी साधनांकडे जातो, असा क्रम क्वचितच असतो. प्रश्न साधनासमोर घडतो, साधनामुळे बदलतो, आणि कित्येकदा साधन जे सांगत नाही त्यामुळेच टोकदार होतो. म्हणून विषय देऊन ‘आता प्रश्न लिहा’ असे सांगण्याऐवजी साधनाचा एखादा तुकडा देऊन प्रश्न मागणे हाच योग्य मार्ग होय. साधन म्हणजे ज्या काळाचा अभ्यास करायचा त्याविषयी काही सांगणारी कोणतीही वस्तू किंवा नोंद. ती त्याच काळातली असेल तर तिला प्राथमिक साधन म्हणतात, आणि नंतरच्या अभ्यासकाने अशा साधनांवरून जे लिहिले ते दुय्यम.

साधन बोलके करणारा प्रश्न केवढा मोठा फरक पाडतो, याचे उत्तम उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाण्यांच्या अभ्यासात आहे. प्राचीन भारतातील आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर छोटे ठसे उमटवून केलेली नाणी, कोसंबींच्या आधीही अनेकांनी जमवली होती, त्यांच्या याद्या केल्या होत्या आणि ठशांचे अर्थ लावण्याचे प्रयत्न केले होते. त्यांवर राजांची नावे नाहीत, सन नाहीत, त्यामुळे ती एका टप्प्यापुढे मुकी वाटत होती. गोव्यात जन्मलेले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कोसंबी या नाण्यांकडे वळले ते निराळा प्रश्न घेऊन : चलनात असलेले नाणे हातोहात फिरून झिजते, तर ही झीज मोजून नाणे किती काळ फिरले हे सांगता येईल का? त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांच्या साठ्यांतील एकेक नाणे अचूक तराजूवर तोलले, आपल्याच काळातील चलनी नाणीही तोलून झीज कशी होते ते पडताळले आणि संख्याशास्त्राच्या आधारे नाण्यांच्या गटांचा मागचा-पुढचा क्रम लावला. नाणी तीच होती, संग्रहालयातही तीच पडून होती. वजनाला पुरावा समजणारा प्रश्न मात्र आधी कोणी इतक्या काटेकोरपणे विचारला नव्हता. विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे, कारण नवा इतिहास लिहायला नवे दप्तर सापडावे लागते हा समज त्यामुळे दूर होतो. दप्तर शोधण्याचे मोल अर्थातच कमी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथाला अस्सल पत्रांच्या बळावर प्रश्न विचारले, तेव्हा जुन्या वाड्यांतून आणि देवघरांतून कागद शोधण्याची एक चळवळच महाराष्ट्रात उभी राहिली. पण राजवाड्यांच्या बाबतीतही कागद जमवण्यामागे डफच्या वृत्तांतात काय सुटले आहे हा प्रश्न होता, हे त्यांच्या प्रस्तावना वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

साधन दिले म्हणजे विद्यार्थी ते वाचेलच, असे मात्र नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही इतिहासकारांना आणि काही हुशार शालेय विद्यार्थ्यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीचे तेच कागद वाचायला दिले होते. इतिहासकार मजकुराआधी कागद कोणाचा, केव्हाचा आणि कोणासाठी लिहिलेला हे पाहत आणि एका कागदाचा दुसऱ्याशी ताळा घेत. विद्यार्थी वरून खाली वाचत जात आणि मजकूर हीच माहिती समजत. त्या विद्यार्थ्यांना अमेरिकेचा इतिहास चांगला येत होता, काही प्रश्नांत तर ते त्या क्षेत्रात न लिहिणाऱ्या इतिहासकारांपेक्षा सरस होते. कमी होती ती कागदाला प्रश्न करण्याच्या सवयीची. म्हणून प्लेगच्या वर्गात ‘केसरी’तील एखादा अग्रलेख, समितीच्या अहवालाचा एक उतारा आणि दामोदर चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्ताचा एक भाग असे तीन तुकडे एकत्र द्यावेत, आणि घरझडतीचे वर्णन तिघांत कसे वेगळे येते एवढेच विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. वर्तमानपत्र वाचकांसाठी लिहिते आणि कायद्याच्या कक्षेत राहण्याची काळजी घेते; अहवाल वरिष्ठांसाठी असतो आणि आपल्या कारभाराचे समर्थन करतो; फाशीची वाट पाहणारा माणूस आपल्या कृत्याचा अर्थ भावी पिढीला सांगतो. विद्यार्थ्याला हा फरक स्वतः दिसला की ‘खरे कोण बोलतो?’ या प्रश्नाच्या जागी ‘कोण कोणाशी आणि का बोलतो?’ हा प्रश्न येतो.

आणि मग कोण बोलतच नाही, हेही दिसू लागते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यातून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचाराचे गंभीर आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागण्यात आला, पत्र लिहिणाऱ्यांची नावे पुढे करता येत नव्हती आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. शालेय पुस्तकी पद्धतीने विचारले तर इथे प्रश्न संपतो : आरोप सिद्ध झाले नाहीत. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने याच ठिकाणी थांबून पुढचा प्रश्न करायला शिकले पाहिजे, की ज्या स्त्रियांविषयी हे आरोप होते त्यांना त्या काळच्या पुण्यात स्वतःच्या नावाने साक्ष देणे शक्य होते का, आणि साक्ष न येणे हा कशाचा पुरावा मानावा. पंडिता रमाबाईंनी त्याच साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध मुंबईच्या इंग्रजी नियतकालिकात नावानिशी लिहिले. तसे लिहिणे त्यांना का शक्य झाले आणि इतरांना का नाही, हा तुलनेचा प्रश्न साधनांच्या मौनातूनच निघतो. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने वारल्या, हे सर्वांना माहीत असते. मात्र त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत फुले यांनी ज्यांच्यासाठी दवाखाना चालवला ते रोगी कोणत्या वस्त्यांतून येत, सरकारी इस्पितळाऐवजी इथे का येत, असे विचारले तर पुण्याच्या प्लेगचा सारा नकाशाच निराळा दिसू लागतो. या प्रश्नांची पूर्ण उत्तरे मिळतीलच असे नाही, आणि तरीही ते विचारलेच पाहिजेत, कारण अहवालाच्या कडेला कोणाची नावे गळाली हे त्यांच्यामुळेच कळते.

प्रत्यक्ष वर्ग कसा चालवावा, यासाठी एक पद्धत अलीकडच्या काळात बरीच वापरली जाते. डॅन रॉथस्टीन आणि लुझ सँटाना यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या आणि २०११ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या या पद्धतीत शिक्षक प्रश्न विचारत नाही, तर एखादे चित्र, आकडा किंवा वाक्य समोर ठेवतो. विद्यार्थी गटात बसून सुचतील तितके प्रश्न लिहितात, लिहिताना कोणत्याही प्रश्नावर चर्चा, टीका किंवा उत्तर द्यायचे नसते, प्रश्न जसा उच्चारला तसाच लिहायचा असतो आणि विधान आले तर त्याचा प्रश्न करायचा असतो. त्यानंतर हो-नाहीत संपणारे आणि मोठे उत्तर मागणारे असे प्रश्न वेगळे करून एकाचे दुसऱ्यात रूपांतर केले जाते आणि शेवटी तीन प्रश्न निवडले जातात. बोलायला कचरणाऱ्या मुलांना यात जागा मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु इतिहासाच्या वर्गात एवढ्याने भागत नाही. निवडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे कशावरून कळेल?’ असा रकाना आखून तो भरायला लावला पाहिजे, आणि ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न लहान करायचा, त्याचा काळ किंवा जागा आवळायची, की बाजूला ठेवायचा, हे विद्यार्थ्यानेच ठरवले पाहिजे. एवढा एक रकाना घातला की उत्साहाने सुचलेल्या प्रश्नांतून संशोधनाचे प्रश्न वेगळे होऊ लागतात.

मोठी दप्तरे पुण्या-मुंबईत आहेत, खेड्यातील शाळेने काय करायचे, अशी अडचण सांगितली जाते. ती खरी असली तरी प्रत्येक शाळेच्या कपाटात एक प्राथमिक साधन असतेच, आणि ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने ओळीने असतात. नावे झाकून, केवळ जन्मतारखांचा रकाना जुन्या वर्षांसाठी विद्यार्थ्यांना उतरवायला दिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते : कितीतरी मुलांचा जन्म १ जूनला झालेला असतो. ‘एवढी मुले १ जूनलाच का जन्मली?’ हा मुलांचा पहिला प्रश्न. घरातील आजीआजोबांना विचारल्यावर कळते, की जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये भरे, आणि वयाच्या अटीत मूल बसावे म्हणून गुरुजींनी अंदाजाने तारीख घातली. मग प्रश्न बदलतो : १ जूनचे प्रमाण कोणत्या वर्षांपासून घटत गेले, मुलींत ते मुलांपेक्षा जास्त होते का, गावात जन्मनोंदणी खऱ्या अर्थाने कधी सुरू झाली? रजिस्टर जन्माची तारीख सांगत नाही, ते शाळेला लागणारी तारीख सांगते, हे या मुलांना एकदा उमगले की कोणत्याही दप्तरात ‘ही नोंद कोणाच्या गरजेसाठी झाली?’ असे विचारायला त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

याच रजिस्टरातून पुढचे पाऊलही टाकता येते. १९७२ च्या दुष्काळाविषयी ज्या गावांत अजून आठवणी जिवंत आहेत, तिथे विद्यार्थी उत्साहाने ‘दुष्काळात मुलांनी शाळा का सोडली?’ असा प्रश्न लिहितात. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात मात्र ‘सतत गैरहजर’ एवढेच सापडते. ते शाळेच्या बाजूचे कारण झाले, मुलाच्या बाजूचे नव्हे. रजिस्टर ‘का’ सांगू शकत नाही, पण ‘कोण’, ‘केव्हा’ आणि ‘परत आले का’ हे सांगू शकते. म्हणून प्रश्न दोन भागांत फोडावा लागतो : १९७० ते १९७६ या काळात कोणत्या इयत्तेतील मुले-मुली सर्वाधिक प्रमाणात गेली आणि त्यांतील किती पुन्हा दाखल झाली, हा रजिस्टरासाठी, आणि खडी फोडण्याच्या, पाझर तलावाच्या दुष्काळी कामांवर कुटुंबातील कोण जाई, धाकट्या भावंडांना कोण सांभाळी, हा त्या काळी तिथे राबलेल्या माणसांसाठी. अशा माणसांच्या आठवणी ठरवून, नोंद ठेवून गोळा करणे याला मौखिक इतिहास म्हणतात, आणि त्यालाही रजिस्टराइतकीच कठोर विचारणा लागते, कारण पन्नास वर्षांनंतरची आठवण ही १९७२ इतकीच आजच्याही काळाची असते.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि शिक्षकाला उत्तर माहीत नसलेला प्रश्न वर्गात राहू देण्याची तयारी लागते, जी प्रशिक्षणाच्या काळात सहसा करून घेतली जात नाही. गुणांची पद्धत मात्र उद्याही बदलता येते. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याने सुरुवातीला लिहिलेला प्रश्न, शेवटच्या पानावर अखेरचा प्रश्न, आणि मधल्या पानांवर तो कोणत्या नोंदीमुळे, कोणाच्या सांगण्यामुळे, कोणत्या अडचणीमुळे बदलला याचा तारखेसह उल्लेख, एवढे मागितले आणि प्रकल्पाचे निम्मे गुण त्यासाठी ठेवले, तर विकतच्या चित्रांनी वही भरून गुण मिळवण्याची सोय आपोआप कमी होते. जो विद्यार्थी ‘प्लेगचा पुण्यावरील परिणाम’ येथून निघाला आणि ‘मार्च ते मे १८९७ या काळात कसबा आणि रास्ता या दोन पेठांतील घरझडत्यांच्या तक्रारींत काय फरक होता’ येथे पोहोचला, पण तक्रारअर्ज पुरेसे न मिळाल्यामुळे ज्याचे उत्तर अर्धवट राहिले, त्याने काय शोधले, कुठे शोधले आणि काय मिळाले नाही हे नीट लिहिले असेल, तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.